प्रेषकाच्या रकान्यात माझं नाव

मी सूड घेतला, असं म्हणताना अजून जीभ अडखळते. आमच्या घरात हा शब्द कोणी वापरत नाही. पण जळगावच्या त्या दुकानात मी अठरा दिवस जे केलं त्याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही. आणि ते मी ठरवून केलं होतं, म्हणून तोच वापरतो.

दुकान जुन्या मोबाइलचं होतं. मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. बोदवडहून सकाळच्या गाडीने जळगाव, दुपारपर्यंत कॉलेज, मग दुकान, आणि संध्याकाळच्या गाडीने घर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे कॉलेजात कसं वागायचं, दुकानात कसं वागायचं, मोठ्या माणसाला 'नाही' कसं म्हणायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. मी सगळ्यांना 'हो' म्हणायचो. त्यात चूक होत नाही अशी माझी समजूत होती.

दुकानमालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांच्याकडे ठिकठिकाणचे वापरलेले फोन आणि टॅब गोळा होऊन यायचे. एक कारागीर ते दुरुस्त करायचा. तो मोठा बोलका माणूस होता, त्याला सगळे उस्ताद म्हणत. चालू झालेला माल खोक्यांत भरून ट्रान्सपोर्टने धुळ्याला जायचा, धुळ्याहून मुंबईच्या एजंटाकडे, आणि तिथून विमानाने आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्याकडे. एजंटाचे फॉर्म इंग्रजीत असायचे. ते भरायचे, खोकी भरायची आणि पाठवायची, हे माझं काम.

फोन परदेशी पाठवताना खरी भीती बॅटरीची असते. लिथियमची बॅटरी जुनी झाली, दबली किंवा तिला मार लागला की फुगते, आणि फुगलेली बॅटरी कधी पेट घेईल सांगता येत नाही. उस्तादने मला ती ओळखायला शिकवलं होतं. फोन काउंटरच्या काचेवर उताणा ठेवायचा आणि कोपऱ्याला बोट लावून गरकन फिरवायचा. पाठ सपाट असेल तर तो जागीच घासून थांबतो. आत बॅटरी फुगली असेल तर पाठीला पोट येतं आणि फोन भोवऱ्यासारखा फिरतो. अशा फोनला दुकानात 'फुगा' म्हणायचे.

पहिल्या खेपेचा फॉर्म भरताना मी विचारलं, "भाऊ, प्रेषक म्हणून कोणाचं नाव लिहू?"

"तुझंच लिही की," भाऊ म्हणाले. "शिकलेला माणूस आहेस. इंग्रजीत तुझं नाव किती छान दिसतं!"

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आधार कार्डाची प्रत मी स्वतः पळत जाऊन काढून आणली. छापलेल्या लेबलचा फोटो आईला दाखवला. तिला वाचता येत नाही, पण तिने नावावरून बोट फिरवलं आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमच्या पोराचं नाव इमानात चाललं."

दुसरी चूकही माझीच. एकदा पॅकिंगचा फुग्यांचा प्लास्टिक कागद संपला होता. आमच्या शेतात त्या वर्षी फरदड ठेवली होती, म्हणजे हंगाम सरल्यावरही कपाशी उपटली नव्हती. तिला उशिरा आलेला कापूस पिवळट आणि किडका होता, व्यापारी त्याला हात लावेना. आईने तो वेचून, हाताने सरकी काढून, गादीसाठी दोन गोण्या भरून ठेवला होता. मी म्हणालो, "भाऊ, कापूस आणू का घरून?" आमच्याकडे जपायची वस्तू कापसातच ठेवतात. काचेच्या बांगड्या, देवाचे टाक, नव्या बाळाची चांदीची वाटी, सगळं कापसात. एवढा मऊ कापूस एखाद्या वस्तूचं वाईट करील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी असून आलं नाही. भाऊंच्याही आलं नाही. ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "याला म्हणतात डोकं!"

आणि तिसरी गोष्ट, जी मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितली नाही. त्या खेपेतला एक फोन काचेवर अर्धा वळसा फिरला होता. मी भाऊंना दाखवला. ते म्हणाले, "अर्ध्या वळशाने काय होतं? ठेव मधोमध, कापसात." मी ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी धुळ्याहून फोन आला. गोदामात आमच्या एका खोक्यातून धूर निघाला होता. खोकं बाहेर ओढून वाळू टाकली म्हणून बाकीचा माल वाचला होता. भाऊ मला गाडीत घालून धुळ्याला घेऊन गेले.

ट्रान्सपोर्टच्या मॅनेजरच्या टेबलासमोर ते खोकं ठेवलं होतं. एक बाजू कोळसा झालेली, आत काळा कापूस आणि वितळलेले फोन. दाराशी एक म्हातारा हमाल उभा होता, त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. गोदामात त्याला आबा म्हणत. खोकं त्यानेच ओढून काढलं होतं.

"पार्सल कोणाचं?" मॅनेजरने विचारलं.

मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

"नाव याचं आहे," भाऊ म्हणाले. "पोरगा हुशार आहे साहेब, पण घाई करतो. मी याला हजारदा सांगितलं असेल, नियमाप्रमाणे पॅकिंग कर म्हणून."

"आणि हा कापूस? बॅटरीच्या मालाला कोणी कापूस लावतं का?"

"तोही यानेच आणला. आता याची आई कुठून उचलून आणते, ते मला काय माहीत? जिनिंगला जाते ना रे ती कामाला?"

मी म्हणालो, "हो."

ती हंगामात जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते, तेवढ्यापुरताच माझा 'हो' होता. पण तो आधीच्या सगळ्याला लागू झाला. मॅनेजरने मान हलवली, दाराशी उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझी आई तिथे चोर ठरली. मी तोंड उघडलं होतं, पण पुढचं वाक्य आलंच नाही.

मॅनेजर म्हणाला की, कागदावर ज्याचं नाव त्याच्यावर पोलिसांत तक्रार करावी लागेल. माल दुसऱ्याचा असेल, तर त्याने पुढच्या महिनाअखेरपर्यंत इथे येऊन तसं स्वतःच्या हाताने लिहून द्यावं, मग पुढचं त्याच्याशी बोलू. नरडाण्याच्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून माझी निवड होत आली होती, आणि त्यांना पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता. नावावर तक्रार असली तर तो मिळणार नव्हता.

बाहेर आलो तर आबाने मला थांबवलं. भाऊ गाडीकडे गेले होते.

"बठ्ठं गोडाऊन जळी जातं ना भो," तो अहिराणीत म्हणाला, म्हणजे सगळं गोदाम जळालं असतं. "माल कोना शे? खरं सांग."

मी गाडीकडे बोट केलं.

"मंग तठे तोंडमा काय व्हतं तुना?" तो म्हणाला. "तू लिखस, आमी उचलतस. ज्याना माल, त्याना हात कोरा."

परतताना भाऊ शेंगदाणे खात गाडी चालवत होते. "मनाला लावून घेऊ नकोस. तिथे काहीतरी बोलावं लागतं. करू आपण."

आठवडाभराने मी विचारलं, "भाऊ, धुळ्याला कधी जायचं?" ते म्हणाले, "बघू." चार दिवसांनी पुन्हा विचारलं. "बघू म्हटलं ना!" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. भाऊ हसत म्हणाले, "अरे, तुझंच नाव आहे ना? मग तूच निस्तर." गिऱ्हाईकही हसलं.

त्या संध्याकाळी गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. एवढा राग मला आधी कधी आला नव्हता. भाऊंचं काय काय करावं, हे मी बोदवड येईपर्यंत मनात रंगवलं. त्यातलं बरंचसं लिहिण्यासारखं नाही. पण मी भांडणारा नाही, ओरडणाराही नाही. मला येतं काय, तर सांगितलेलं नीट करणं. उतरताना ते माझ्या लक्षात आलं. भाऊंनी चारचौघांत सांगितलंच होतं की, ते मला नियमाप्रमाणे करायला सांगतात.

पुढची खेप पाचशे फोनांची होती. विमानातली जागा ठरलेली होती आणि तिकडचा व्यापारी रोज फोन करत होता. मी एजंटाची इंग्रजी नियमावली मराठीत लिहून काढली आणि भिंतीवर, भाऊंच्या खुर्चीच्या बरोबर समोर, चिकटवली. मग कामाला लागलो.

नियम होता की, प्रत्येक फोनचा चार्ज तीस टक्क्यांच्या आत हवा. मी सगळे फोन बाकांवर, जमिनीवर, कपाटावर मांडले आणि टॉर्च लावून ठेवले. भर दुपारी दुकान झगझगायला लागलं.

उस्ताद म्हणाला, "कोणाची वरात आहे रे? मला आवतण नाही!"

"चार्ज उतरवतोय, उस्ताद. नियम आहे."

भाऊ आले, डोळ्यांवर हात धरून उभे राहिले. "हे काय लावलंय?"

"तुम्ही म्हणाला होतात ना भाऊ, नियमाप्रमाणे."

त्यांनी भिंतीवरची नियमावली वाचायला घेतली. मला इतकं बरं वाटलं की, मी खाली वाकून उगाच एका फोनची टॉर्च बंद करून पुन्हा लावली.

मग फिरवणं. एकेक फोन काचेवर ठेवून मी तीनदा फिरवायचो. जरा हलला की बाजूला. उस्ताद दुरुस्ती सोडून बघत बसायचा आणि दर फिरत्या फोनला "गेला! हाही गेला!" असं जत्रेतल्या चक्रीवाल्यासारखं ओरडायचा. बाद फोनांचा ढीग वाढत चालला. भाऊ त्यातले दोन उचलून म्हणाले, "हे तर ठणठणीत आहेत."

"अर्धा वळसा घेतात भाऊ."

"अर्ध्या वळशाने..." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांना आठवलं असावं. फोन त्यांनी परत ढिगात ठेवले.

दहा दिवसांत चारशे फोन पास झाले. खोकी नवी, प्लास्टिक कागद नवा, प्रत्येक खोक्यावर बॅटरीचं चिन्ह असलेलं लेबल. अकरा खोकी भिंतीला लावून ठेवली. फॉर्म पूर्ण भरला आणि एकच रकाना मोकळा सोडला.

"भाऊ, इथे तुमचं नाव, सही, आणि आधारची प्रत."

"माझं नाव कशाला? नेहमीसारखं तुझं टाक."

"माल कोणाचा आहे, भाऊ?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. मला वाटलं, मी आधी मान खाली घालीन. पण या वेळी घातली नाही.

त्यांनी दोन दिवस स्वतः फॉर्म भरायचा प्रयत्न केला. एजंटाने दोन्ही वेळा परत पाठवला. बॅटरी फोनच्या आत आहे की सुटी, हा प्रकार ते चुकीचा निवडत होते. मला लांबून दिसत होतं. मी सांगितलं नाही. फोन पुसत बसलो. उस्ताद माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुला मी गरीब गाय समजत होतो रे." मी म्हणालो, "मी काय केलं?" तो म्हणाला, "तेच तर!"

रोज घरी जाताना मी भाऊंचा दिवसभराचा चेहरा आठवायचो. व्यापाऱ्याचा फोन वाजला की त्यांचे कान लाल व्हायचे, ते आठवायचो. मला लाज वाटायला हवी होती. कधी वाटायचीही. पण दुसऱ्या दिवशी दुकानाची पायरी चढताना पुन्हा हुशारी यायची.

महिना संपायला तीन दिवस राहिले तेव्हा भाऊ काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, "काय पाहिजे तुला?"

"धुळे."

"आणि मग फॉर्म भरशील?"

"तुमच्या नावाने. लगेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अकराही खोकी एका टेम्पोत घालून आमच्या गाडीमागे घेतली, म्हणजे तिथे लिहून दिलं की तिथूनच माल मुंबईला लागेल. फॉर्मवर त्यांनी दुकानातच सही केली होती. एरंडोल, पारोळा मागे पडलं.

गोदामात टेम्पोवाल्याने खोकी उतरवली आणि तो चहाला गेला. मॅनेजरने भाऊंना कोरा कागद दिला. भाऊंनी लिहिलं की माल त्यांचा होता, माझं नाव त्यांच्या सांगण्यावरून घातलं होतं, आणि पॅकिंग त्यांच्या नजरेखाली झालं होतं. ते पेन खाली ठेवत होते.

"अजून एक ओळ, भाऊ," मी म्हणालो. "कापूस आमच्या शेतातला होता. आईने वेचलेला. चोरीचा नव्हता."

"ते कशाला? साहेबांना त्याचं काय करायचंय?"

"इथेच बोलला होतात."

भाऊंनी ती ओळ लिहिली. इतकी दाबून लिहिली की कागद फाटला, पण लिहिली. मग मी दुसरा कागद मागितला आणि माझं लिहिलं. फुगलेला फोन मी पाहिला होता, कोणाच्या सांगण्यावरून का असेना, माझ्या हाताने ठेवला होता. दाराशी आबा उभा नसता तर मी हे लिहिलं असतं का, मला खात्री नाही. त्याची पट्टी सुटली होती. कातडी गुलाबी आणि चकचकीत दिसत होती, आणि दोन बोटं वळत नव्हती.

मॅनेजरने दोन्ही कागद वाचले. मला म्हणाला, "तुझ्यावर तक्रार जाणार नाही. पण तोंडाने बोलायला शीक." भाऊंना म्हणाला, "आबाच्या दवाखान्याचा खर्च तुमच्याकडे. आणि तुमचा माल आजपासून आम्ही घेणार नाही. ही खोकी घेऊन जा."

भाऊंचा चेहरा उतरला. दुसरं ट्रान्सपोर्ट शोधून उद्यापर्यंत मुंबई गाठणं होणार नव्हतं. विमान चुकणार होतं. त्यांनी माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं ना हे?"

मला माहीत नव्हतं. मला असं काही सुचण्याइतकी अक्कलच नव्हती. पण मी गप्प राहिलो, आणि माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी जो अर्थ घ्यायचा तो घेऊ दिला.

ते बाहेर गेले आणि हमालांना म्हणाले, "चला रे, टेम्पोत घाला परत."

कोणी हललं नाही. आबा पोत्यांच्या थप्पीवर बसला होता. तो म्हणाला, "शेठना माल शे ना? शेठले उचलू द्या."

एक तरुण हमाल हसून म्हणाला, "दम खाई खाई उचला, शेठ! पाय सांभाळजा!"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. रोजची सवय अशी की माझा एक पाय पुढे पडलाही. मग मी तो मागे घेतला आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. भाऊंनी पहिलं खोकं उचललं. दुसरं. पाचव्याला त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. सातव्याला ते खोकं मांडीवर टेकवून थांबले, आणि कोणी तरी शिट्टी वाजवली. टेम्पोवाला चहा संपवून आला, तर आबाने त्यालाही हाताने थांबवलं. अकराच्या अकरा खोकी त्यांनी एकट्यांनी चढवली.

"बस," शेवटी ते मला म्हणाले.

"मी एसटीने येतो, भाऊ."

"अजून राग आहे?"

"आहे."

एसटीत बसल्यावर मला माझे पाय हलके वाटत होते. त्या दुकानात परत जायचं नाही, हे कधी ठरलं ते मला आठवत नाही. नरडाण्याचं काम पुढे मिळालं. आबाला भेटायला मी एकदा गेलो. तो माझ्याशी नीट बोलला, पण डाव्या हाताने चहा पीत होता. मी तिथे फार वेळ बसू शकलो नाही.

भाऊंनी कागद लिहून दिला त्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी मोबाइलमधला भाऊंच्या कागदाचा फोटो मोठा केला आणि तिला वाचून दाखवला. कापसाची ओळ दोनदा वाचली.

"मले कायले वाचून दाखवतो?" ती म्हणाली. "कापूस कोनाचा व्हता, मले मालूम नाही का?"

मी ओशाळलो. मोबाइल खिशात टाकला. मग सहज म्हणून खोक्यांचं सांगितलं. तिचा हात भाकरीवरच थांबला.

"सोता उचलले त्यानं?"

"स्वतः."

"किती व्हते?"

"अकरा."

"आन् तू?"

"मी उभा होतो."

तिने भाकरी तव्यावर टाकली, हात पाण्यात बुडवला, भाकरीवरून फिरवला. मग पाट माझ्याकडे सरकवला.

"बस इथी," ती म्हणाली. "आता पयल्यापासून सांग. पयलं खोकं कसं उचललं?"

मी उठून, कमरेत वाकून, तिला करून दाखवलं.